शिंगवाला घोडा

जूनमध्ये भाचीला कंपासपेटी घ्यायला गेले. दुकानात वह्या आणि कव्हरांसाठी झुंबड. काउंटरवर हनुवटी टेकवून भाची म्हणाली, "युनिकॉर्नवाली द्या." दुकानदार आतल्या पोऱ्यावर ओरडला, "अरे, तो शिंगवाला घोडा काढ रे, गुलाबी!" पेटी आली. झाकणावर पांढरा घोडा, सप्तरंगी आयाळ आणि कपाळावर चमकी लावलेलं पिळाचं शिंग. घरी पोचेपर्यंत निम्मी चमकी माझ्या बोटांना लागली होती. त्यातली थोडी, कशी कोण जाणे, आईच्या चष्म्यावरही गेली.

आईने पेटी उलटसुलट करून पाहिली. "पेपरात येतं ते युनिकॉर्न हेच का गं?"

हेच आणि हे नव्हेही. एक अब्ज डॉलरच्या वर मोल गेलेल्या नवउद्योगाला हे नाव दिलं ते २०१३ मध्ये, आयलीन ली या अमेरिकेतल्या गुंतवणूकदार बाईंनी. अशा कंपन्या तेव्हा विरळा होत्या, म्हणून. आता नुसत्या भारतातच त्यांनी शंभरी ओलांडलीय म्हटल्यावर आई म्हणाली, "मग विरळा कसल्या?"

मला मजा वाटते ती वेगळीच. हा घोडा परदेशी पाहुणा म्हणून दुकानात उभा असला तरी त्याचं माहेर आपल्याकडचं आहे. इसवीसनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. इथल्या रानगाढवांचं अंग पांढरं, डोकं गडद लाल, डोळे निळे, आणि कपाळावर हातभर शिंग: बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला किरमिजी. त्या शिंगातून प्यायलं की विष बाधत नाही म्हणे! या ऐकीव गाढवामागे आपला गेंडा दडलेला असावा, असं अभ्यासक म्हणतात. युरोपात जाता जाता गाढवाचा घोडा झाला, घोडा देखणा झाला आणि बिचारा गेंडा मागे चिखलातच राहिला. पुढे सुमात्रात मार्को पोलोला खरे गेंडे दिसले. त्याने त्यांनाच एकशिंगी समजून लिहून टाकलं, की हे भलतेच कुरूप निघाले.

गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. तिथे त्याचं नाव 'गांडा' पडलं, म्हणजे नाव तरी त्याने आपलं राखलं. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने प्रत्यक्ष न पाहताच त्याचं चित्र काढलं आणि त्याच्या पाठीवर आणखी एक छोटं शिंग फुकट दिलं. पुढे त्याला पोपला नजर करायला नेणारं जहाज इटलीच्या किनाऱ्यापाशी बुडालं आणि त्याच्याबरोबर गेंडाही.

हे सगळं आईला सांगितलं ही माझी चूक. जुलै लागेतो पेटीवरची चमकी पार उडाली. गुलाबी रंग पेन्सिलीच्या काळ्याने मळून राखाडी झाला. आता सकाळी रिक्षा आली की आई विचारते, "गेंडा घेतलास का गं दप्तरात?"

"गेंडा नाही गं आजी! युनिकॉर्न!"

लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये आपल्या गेंड्याला शास्त्रीय नाव दिलं ते 'ऱ्हिनोसेरॉस युनिकॉर्निस'. दोघींनाही मी अजून ते सांगितलेलं नाही. सकाळी आधीच घाई असते.