भात्याचा हात

लहानपणी सदाशिव पेठेत मी पेटी शिकले, तेव्हा माझ्या डाव्या हाताकडे एकच काम होते, ते म्हणजे भाता मारणे. स्वर शोधायचे उजव्या हाताने आणि त्यांना श्वास पुरवायचा डाव्याने. पुढे चाळिशीत घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आला, जुनी लोकप्रिय गाणी त्यावर बसवण्याचा नाद लागला आणि सर्वांत मोठी अडचण या डाव्या हाताचीच निघाली. पेटीवर भाता चालू आहे तोवर स्वर जिवंत राहतो. पियानोवर मात्र हातोडी तारेवर आदळताच स्वर विरू लागतो, आणि डिजिटल वाद्यात तारा नसल्या तरी हे विरणे त्यात हुबेहूब उतरवलेले असते. त्यामुळे गायकाने चार मात्रा धरलेला स्वर पियानोवर तसाच दाबून ठेवला, तर दोन मात्रांतच तिथे पोकळी जाणवू लागते. ती भरायची की तशीच राहू द्यायची, हे डाव्या हाताने ठरवायचे असते. घरी बसवलेल्या गाण्याचे सारे मर्म मला या एका निर्णयात दिसते.

पहिली दोन वर्षे मी प्रत्येक पोकळी भरत गेले. उजव्या हाताने चाल वाजवायची आणि डाव्याने दर मात्रेला भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन-चार स्वर, द्यायची, अशी ती पद्धत होती. गाणे ओळखू येई, ऐकणारे गुणगुणतही असत. पण मूळ गाण्यात जे आधीच ऐकू येत होते, त्यापलीकडे काहीही हाती लागत नव्हते.

हे बदलले ते ‘टेक ऑन मी’मुळे. नॉर्वेच्या ‘आ-हा’ या बँडचे हे १९८५ साली गाजलेले गाणे दादाने लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटवर होते, आणि सिंथेसायझरच्या त्या सुरुवातीच्या धावत्या स्वरावलीवर आम्ही दोघे घरभर नाचत असू. गाण्याची गती मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास आहे. पियानोवर त्या गतीने ते वाजवले, की नुसती बोटांची कसरत होते. एकदा ध्रुवपदाची चाल नीट कळावी म्हणून मी ते निम्म्याहून कमी लयीत, एकेक स्वर थांबून वाजवले. पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, हा षड्ज (सा) धरला, तर ध्रुवपद मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जावर सुरू होते, तिथून थेट त्याच सप्तकातल्या निषादावर (नी) झेपावते आणि मग मध्य षड्जावर टेकते. तिथून चढत चढत ते शेवटी तार सप्तकातल्या पंचमापर्यंत पोहोचते, म्हणजे एका ध्रुवपदात अडीच सप्तकांची चढण आहे. वेगात ही झेप उत्साहाची वाटते. संथ लयीत मात्र निषाद षड्जासाठी किती आसुसलेला असतो ते उघडे पडते, आणि ज्याला आपण नाचाचे गाणे म्हणत आलो, ती खरे तर एक विनवणी आहे, हे लक्षात येते. त्या निषादावर मी डावा हात पूर्ण उचलते; षड्ज आला, की मगच खाली षड्ज-पंचमाची जोडी हळूच ठेवते. २०१७ साली या बँडने स्वतःच हे गाणे असे संथ करून सादर केले. ते ऐकले तेव्हा मला फार आनंद झाला.

नाझिया हसन यांचे ‘आप जैसा कोई’ मला सोपे गेले. बिड्डू यांच्या संगीतातले हे गाणे १९८० साली आले, तेव्हा त्या जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या गाण्यात मुरक्या फारशा नाहीत, स्वर सरळ लागतात, म्हणून ते पियानोला मानवते. डिस्कोचा ठेका तेवढा काढून टाकावा लागला.

खरी परीक्षा घेतली ‘शुक्रतारा’ने. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज. मराठी घरांत याहून लाडके गाणे मला तरी ठाऊक नाही. मात्र त्याचा जीव एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरण्यात आहे, आणि दोन पट्ट्यांच्या मधला स्वर पियानोकडे नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, त्यामागे मींड, म्हणजे हेच अखंड घसरणे, निघत नाही हाही एक आक्षेप होता, आणि तो पियानोलाही तंतोतंत लागू पडतो. मी मुख्य स्वराआधी शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श देणारे कणस्वर लावून पाहिले, पेडलने स्वर एकमेकांत मिसळून पाहिले. नुसता गढूळपणा आला. मग एका रात्री उजव्या हाताचा षड्ज तसाच धरून मी डाव्या हाताने खालची कॉर्ड सा-ग-प वरून ध-सा-ग अशी बदलली. वरचा स्वर जागचा हलला नव्हता, पण क्षणापूर्वी घरी असलेला तोच षड्ज आता कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा वाटू लागला. गायकाचा आवाज सरकतो, तेव्हा मनात जे हलते, त्याच्या अगदी जवळचे काहीतरी मला तिथे मिळाले. तेव्हापासून मी गळ्याची नक्कल करणे सोडले आहे.

ध्वनिमुद्रण मी पहाटे पाचला, स्टँडवर फोन ठेवून करते. गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी नदीकाठच्या ढोल-ताशांचा सराव घरापर्यंत ऐकू येतो, आणि इतर दिवशी संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या असतात. वायर थेट संगणकाला जोडली, तर आवाज स्वच्छ येतो. पण पट्ट्यांची खटखट आणि पेडल सोडतानाचा बारीक आवाज त्यात येत नाही, आणि मला ते दोन्ही हवे असतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी जिन्यात थांबवले. “अगं, काल पहाटे शुक्रतारा वाजवत होतीस ना? दुसऱ्या कडव्याआधी थांबलीस कशाला? चुकलं का काही?”

“नाही काका, तिथे मुद्दामच डावा हात उचलते.”

ते कठड्याला हात टेकून क्षणभर उभे राहिले. “मग अजून जरा थांबत जा,” म्हणाले, “मी तिथे गाणं मनात म्हणत होतो, ते पुरं व्हायच्या आत तू सुरू केलंस.”

आज पहाटे मी तिथे दोन मात्रा वाढवल्या आहेत.