अण्णांच्या डोक्यातलं पाणी

आज न्यूरोसर्जनना भेटून आलो. अण्णांच्या स्कॅनमधे मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसतायत, तिथे पाणी साठत असावं, एनपीएच म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस असू शकतं म्हणाले. पण नक्की नाही, कारण म्हातारपणी मेंदू आक्रसला तरी पोकळ्या मोठ्याच दिसतात.

मला मात्र त्यांची चाल बघून केव्हापासून वाटत होतं की हे नुसतं वय नाहीये. वॉकर धरून उभे राहतात, आता निघतील म्हणून आपण बाजूला होतो आणि पाय उचलतच नाहीत, जमिनीला चिकटल्यासारखे, मग घासत घासत निघतात, संडासाच्या दारात वळताना तर जागच्या जागी कितीतरी बारीक पावलं टाकतात आणि तोवर लघवी होऊन जाते, मग तोंड एवढंसं होतं बिचाऱ्यांचं. त्यात विसरभोळेपणा वाढलाय. चाल, लघवी, विसर ही तिन्ही एकत्र असली की हा आजार तपासायचाच. कोलंबियाच्या डॉ. हकीम यांनी १९६५ सालीच हे मांडलंय, तरी आपल्याकडे अजून सगळे "वय झालं हो" म्हणूनच सोडून देतात, ह्याचा खरंच राग येतो.

आता आधी टॅप टेस्ट. मेंदूतलं हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, ते कमरेतून सुईने ३० ते ५० मिली काढायचं आणि आधीची नि नंतरची चाल घड्याळ लावून बघायची. हा काही इलाज नाही, शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवीन पाणी बनवतंच. फरक नाही पडला तरी आजार नाहीच असंही म्हणता येत नाही म्हणे. रक्त पातळ करायची गोळी त्याआधी थांबवावी लागेल, पण स्टेंट आहे म्हणून हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी ती बंद करणार नाही.

दादा फोनवर म्हणतो, शंट टाकूनच घेऊ. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी, पाणी जास्त ओढलं गेलं तर मेंदूवर रक्तस्राव होऊ शकतो, आणि अण्णांच्या अंगात आता उरलंय काय, नुसती हाडं. पाणी किती ओढायचं ते ठरवणारा नळीचा व्हॉल्व्ह बाहेरून कमीजास्त करता येतो हे ऐकून जरा धीर आला. विसर फारसा सुधारेलच असं नाही, सगळ्यात जास्त फरक चालीत पडतो. मला तेवढंच हवंय, हात धरून का होईना संडासापर्यंत वेळेत पोचावेत. पाणी काढल्यावर तेवढं जमताना दिसलं तरच ऑपरेशनचा विषय काढायचा, आणि तो आधी अण्णांशी, सकाळी त्यांचं डोकं ताळ्यावर असतं तेव्हा. दादाशी नंतर.