चावी घट्ट, हेड सैल

मडगावच्या तियात्रांत (कोंकणी संगीतनाटकांत) वाजवणाऱ्या एका ड्रमरचा स्नेअर ड्रम दुरुस्तीला आमच्याकडे आला. 14 इंची, साडेसहा इंच खोल, दहा पितळी ट्यूब लग, म्हणजे हेड ताणणारे रॉड ज्यांत फिरतात त्या कवचावरच्या नळ्या. चावी फिरवताना हाताला चांगला जोर लागे, त्यामुळे हेड (ड्रमचा पडदा) ताणलं गेलं असं वाटे; काठी मारली की ते ढिलंच. खाऱ्या हवेनं जुनं क्रोम सोलपटलं होतं, म्हणून लगांवर बाहेरून नवीन प्लेटिंग करून घेतलं होतं. चकाकी उत्तम होती. दुखणं आत होतं.

दोन्ही हेड काढून एक नवा टेन्शन रॉड (हेड ताणणारा आट्यांचा स्क्रू) प्रत्येक लगच्या दोन्ही तोंडांत नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला. नऊ लगांत तो पहिल्या दोन-तीन आट्यांवरच अडे आणि जोर लावून तेवढे पार केले की पुढे मोकळा जाई. दहाव्यात मात्र डुगडुगत होता.

तोंडाशीच अडतं, तेव्हा संशय प्लेटिंगवर घ्यावा. टाकीत वीजप्रवाह कडांवर एकवटतो, त्यामुळे निकेल भोकाच्या तोंडाशी जाड बसतं आणि खोलात जवळजवळ पोचतच नाही. आट्याचा कोन 60 अंशांचा असल्यानं थराच्या चौपट फरक आट्याच्या व्यासात पडतो. 25 मायक्रॉन निकेल बसलं तर 100 मायक्रॉन गेले, आणि या मापाच्या आट्यांना मिळणारी सैलपणाची सूट साधारण तेवढीच. मग चावीचा जोर घर्षणातच जिरतो, हेडपर्यंत पोचत नाही. हाताच्या अंदाजानं सूर लावणाऱ्याची अशानं पुरती फसगत होते.

दहाव्या लगवर कोणीतरी एम-6 चा (6 मिमी मेट्रिक मापाचा) टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, फिरवला होता. बहुतेक ड्रमचे रॉड 12-24 मापाचे असतात: व्यास साधारण 5.5 मिमी, इंचाला 24 आटे. त्यांच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.06 मिमी, एम-6 चं 1 मिमी. चार आट्यांपुरतं आटे मोजायचं गेजही फसतं, म्हणून आधी व्हर्नियरनं व्यास मोजावा. बाजारात एम-5, एम-6 चे टॅप सहज मिळतात आणि 12-24 चा शोधावा लागतो. असे लग त्यामुळेच बिघडतात. हा दहावा लग आता वाचणार नव्हता.

बाकीच्या नऊ लगांच्या तोंडांना आधी हलका काउंटरसिंक दिला, म्हणजे तोंडाची कड तिरकी कापली. तसं न करता टॅप घातला तर तोंडाजवळचा थर पापुद्रा धरून बाहेरून सुटत जातो. मग 12-24 चा टॅप तेल लावून हातानंच, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. यंत्रावर हे काम करू नये. टॅप कुठे जड जातो ते हाताला कळलं पाहिजे.

दहावा लग नव्यानं केला. सहज कापल्या जाणाऱ्या शिसेयुक्त पितळेचा अर्धा इंची रॉड लेथवर दोन्ही बाजूंनी फेस केला (टोकं सपाट केली) आणि पोस्ट, म्हणजे लग कवचाला जोडणारे पाय, चांदीच्या मिश्रधातूनं ब्रेझ केले (तो वितळवून जोडले). हे पितळ तापलेलं असताना ठिसूळ असतं, तेव्हा आच सगळीकडून सारखी द्यावी आणि शिकंजा आवळून ठेवू नये. भोक आणि आटे ब्रेझिंगनंतरच. आधी केले तर फ्लक्स (जोडताना लावायचं रसायन) आट्यांत जाऊन बसतो. 4.5 मिमीचं ड्रिल दोन्ही टोकांकडून, कारण एकाच बाजूनं लांब भोक पाडलं की ते हमखास तिरकं जातं.

प्लेटिंगला देताना दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद केली. बूच सैल असेल तर आम्ल आत झिरपून राहतं आणि पुढे आट्यांतून हिरवं पाणी येतं, म्हणून परत आल्यावर गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवणं आलंच. बाहेरून निकेल किमान 25 मायक्रॉन मागावं. वरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतं आणि त्याला बारीक भेगा असतात. समुद्राच्या वाऱ्यापुढे टिकतं ते खालचं निकेल. माझ्या मते गोव्यात पैसे तिथेच घालावेत.

ड्रमरला स्टेनलेस रॉड हवे होते. पितळी आट्यांत ते चांगले चालतात. स्टेनलेसच्याच आट्यांत घातले तर एकमेकांना धरून जाम होतात. स्टेनलेसच्या प्रकारांत 304 पेक्षा 316 बरं, त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठाला जास्त तोंड देतं. आट्यांना पातळ ग्रीस लावलं आणि रॉडच्या डोक्याखाली धातूच्या वॉशरऐवजी नायलॉनचे वॉशर घातले. धातूचा वॉशर हूपच्या (हेड दाबून धरणाऱ्या कड्याच्या) भोकाची कड खरवडतो, आणि पोलादी हूप गंजायला सुरुवात तिथूनच होते.