तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कानूचं पुराण किती वर्षं लावणार?

"व्हॉल्व्ह गळतोय म्हणता, मग पोराला ग्राउंडवर सोडता कशाला?" हा पहिला प्रश्न. त्यावर मी नायजेरियाचा फुटबॉलपटू कानू याचं नाव काढलं की दुसरा, "त्या कानूचं पुराण अजून किती वर्षं लावणार?" लग्नाच्या पंगतीत, बारशाला, बँकेत काउंटरच्या पलीकडून, एकदा तर बाराव्याच्या जेवणात हे विचारून झालंय. दर वेळी माझं उत्तर अर्धवट राहिलं, कारण विचारणारं माणूस ऐकायला थांबलेलं नव्हतं. म्हणून एकदाच लिहिते.

पोराचं तुम्हाला ठाऊक आहे. हृदयातून महारोहिणी निघते तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, त्याच्या झडपेला जन्मापासून दोनच. दर ठोक्याला थोडं रक्त मागे येतं. रिपोर्टवर 'माइल्ड' लिहिलंय. आता कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या पोराला फुटबॉल कुठून सुचला, हे तरी विचारू नका. आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहारची मॅच शाहू स्टेडियमवर असली की साखरपुड्याची तारीख बदलतात. त्यात 2017 साली सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात देशाकडून खेळला. त्यानंतर कुठल्या पोराला काय समजावणार?

तर कानू. तुम्ही म्हणता तो नशीबवान होता. अहो, तोच तर माझा मुद्दा आहे, तुमचा नव्हे!

31 जुलै 1996. अटलांटा ऑलिंपिकची सेमीफायनल, समोर रोनाल्डो, रिव्हाल्डो, बेबेटो असलेला ब्राझील, आणि नायजेरिया 3-1 ने मागे. शेवटच्या मिनिटाला कानूने बरोबरी केली, जादा वेळेत पहिला गोल करील तो जिंकणार होता, तो 'गोल्डन गोल'ही त्यानेच मारला. दुसऱ्या दिवशी त्याला वीस वर्षं पूर्ण झाली. फायनलला अर्जेंटिनाला हरवून सुवर्णपदक. त्याआधी ॲमस्टरडॅमच्या ऍजॅक्स क्लबकडून 1995 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, पदरात पडलेली. नायजेरियातल्या ओवेरी शहरातला हा पोरगा आता इटलीतल्या इंटर मिलानकडे निघाला होता. त्या काळी इटलीच्या लीगपेक्षा मोठं दुकान जगात नव्हतं.

आणि इंटरच्या तपासणीत सापडलं की त्याच्या महारोहिणीच्या झडपेत गंभीर दोष आहे. डॉक्टरांचं मत पडलं, हा आता खेळणार नाही.

इथे जरा थांबा, कारण तुम्ही नेहमी इथून पुढे पळता. हे हृदय तीन वर्षं ॲमस्टरडॅममध्ये धावत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकेच्या उन्हाळ्यात ब्राझीलच्या मागे धावत होतं. सापडलं कुठे, तर नव्या क्लबच्या दारात. इटलीत स्पर्धेत उतरायचं तर खेळाडूला तंदुरुस्तीचा दाखला कायद्याने लागतो, 1982 पासून त्यात ईसीजीही आहे. गल्लीतल्या क्लबच्या पोरालाही त्यातून सुटका नाही. म्हणजे कानूला वाचवलं ते दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरने, आणि त्याला खेळाबाहेर काढायला निघालेलाही तोच.

पुढचं तुम्ही मलाच ऐकवता: नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला ऑपरेशन, 1997 मध्ये पुन्हा मैदानात, 1999 च्या सुरुवातीला लंडनचा आर्सेनल क्लब, आणि त्याच ऑक्टोबरात चेल्सीच्या मैदानावर 2-0 ने मागे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन गोल. तिसरा तर जवळजवळ गोललाइनवरून, कोन उरलेलाच नसताना. दादाने तो गोल आम्हाला इतक्यांदा दाखवला की सासूबाईंनाही कानू ओळखता येतो. "तो उंच, काटकुळा," म्हणतात.

पण माझा कानू चेल्सीविरुद्धचा नाही. माझा कानू 1996 च्या ऑगस्टमधला आहे, तपासणीच्या टेबलावरचा.

दोन वर्षांपूर्वीचं सांगते. एका निवासी अकादमीत पोराची निवड झाली. नाव घेत नाही, विचारू नका. चार दिवस ट्रायल, शेवटच्या दिवशी यादी लागली, निळा ट्रॅकसूट मिळाला. त्याने तो तिथेच अंगात चढवला, दुपारचं ऊन असताना. मग मेडिकल. उंची, वजन, डोळे, ईसीजी, आणि मग "जरा इकोपण करून घेऊ", म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इको करणाऱ्या मुलीने प्रोब छातीवर फिरवता फिरवता एकदम बोलणं थांबवलं. आधी ती त्याला मेस्सी की रोनाल्डो विचारत होती. तिने आणखी एकाला बोलावलं. दोघांनी पडद्यावर बघितलं, माझ्याकडे नाही.

अर्ध्या तासाने कॉरिडॉरमध्ये एक गृहस्थ आले. डॉक्टर नव्हते, गळ्यात ओळखपत्र होतं. "मॅडम, मुलात टॅलेंट आहे. पण हार्टचा इश्यू आहे. आम्ही रिस्क घेऊ शकत नाही." मी विचारलं, काय इश्यू? "तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, दाखवते, रिपोर्ट द्या. ते म्हणाले, "तो इंटर्नल असतो."

माझ्या पोराच्या छातीतला फोटो आणि तो ह्यांचा इंटर्नल!

मी आवाज चढवला. ह्यांनी माझा हात धरला. गृहस्थ अदबीने उभे राहिले, असे प्रसंग त्यांना रोजचे असावेत. तेवढ्यात पोरगा मागून आला. त्याला किती ऐकू गेलं होतं मला माहीत नाही. त्याने त्यांनाच विचारलं, "सर, ट्रॅकसूट धुऊन पाठवायचा का आत्ताच द्यायचा?" सर म्हणाले, "आत्ता दिलास तरी चालेल." त्याने तिथेच काढून घडी घालून दिला. घडी नीट बसेना म्हणून पुन्हा घातली. त्या दुसऱ्या घडीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

बसमध्ये रात्रभर तो खिडकीला डोकं लावून जागा होता. त्याला वाटत होतं, तो मरणार आहे. कुणी सांगितलंच नव्हतं की नाही मरणार. हे आम्हाला कळलं कोल्हापुरात, दुसऱ्या दिवशी, आमच्या डॉक्टरांनी पुन्हा इको केल्यावर. त्यांनी कागदावर झडपेचं चित्र काढून त्याला समजावलं: गळती कमी आहे, हृदयाचा आकार नॉर्मल आहे, दरवर्षी इको करायचा, जड वजनं उचलायची नाहीत, चक्कर आली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच क्षणी थांबायचं. खेळायला त्यांनी परवानगी दिली. लेखी. तो कागद माझ्या पर्समध्ये असतो, कुणाला बघायचा असेल तर बघा.

त्या बसमधली मी आणि आजची मी यांचं आजही पटत नाही. तिचं म्हणणं होतं, इको केलाच नसता तर काय बिघडलं असतं? पोरगा आज त्या ट्रॅकसूटमध्ये असता. मी तिला म्हणते, मार्क-विवियन फोए आठव. 26 जून 2003, फ्रान्समध्ये लियोंचं मैदान, कॉन्फेडरेशन्स कपची सेमीफायनल. कॅमेरूनचा 28 वर्षांचा गडी, जवळपास कुणी नसताना कोसळला आणि गेला. हृदयाचा स्नायू जाड झालेला होता. तोही मोठ्या क्लबांमधून खेळलेला, त्या मैदानावर तर लियोंच्या क्लबकडूनच. त्यावर ती विचारते, मग आता पोराला घरी का बसवत नाहीस? फोएचा आजार वेगळा, ह्याचा वेगळा, असं मी सांगते, आणि ते खरंच आहे. पण मॅचला मी बसते तेव्हा हा फरक मला उपयोगी पडत नाही, हेही खरं. पोरगा पडला की उठेपर्यंत मी श्वास घेत नाही. तुम्ही म्हणता मी बिनधास्त आहे. या एकदा शेजारी बसायला.

आता कानूच्या नशिबाकडे येते. इंटरचे अध्यक्ष मोराट्टी त्याच्या पाठीशी उभे राहिले. कानूने ते उपकार जाहीरपणे मानलेत. पण मला सांगा, तो सोन्याचं पदक गळ्यात घालून आला नसता तर? ट्रायलला आलेला सतरा वर्षांचा अनोळखी नायजेरियन पोरगा असता, खिशात महिन्याचा व्हिसा, आणि हाच दोष सापडला असता तर? क्लीव्हलंडचं तिकीट कुणी काढलं असतं? असे किती जण ट्रॅकसूटची घडी घालून परत गेले असतील? त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून मी कानूचं घेते. हे तुम्हाला पुराण वाटतं तर वाटू दे.

आणि दादाला मी हेही सांगते की इंटरला देव बनवू नकोस. 2021 च्या जूनमध्ये युरो कपमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला, तेव्हा तो इंटरचाच होता. ठोका बिघडला तर आतून झटका देणारं यंत्र छातीत बसवल्यावर इटलीच्या नियमांनी त्याला तिथे खेळता येईना, डिसेंबरमध्ये करार रद्द झाला आणि दीड महिन्यात तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडे गेला. इटलीत अपात्र, इंग्लंडमध्ये पात्र. मग कुठला डॉक्टर खरा? मला ठरवता आलेलं नाही. तुम्हाला कसं काय इतक्या झटक्यात ठरवता येतं, पंगतीत बसून?

कानूचीही गोष्ट आर्सेनलपाशी संपत नाही. 2014 मध्ये त्याला पुन्हा अमेरिकेत हृदयाचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं. हे मी पोराला सांगितलंय. एकदा दुरुस्त झालं म्हणजे कायमचं झालं, असं त्याला वाटायला नको. त्याच कानूने 2000 साली हृदयविकार असलेल्या मुलांसाठी संस्था काढली, आफ्रिकेतली कितीतरी पोरं तिने ऑपरेशनला परदेशी पाठवली, भारतातसुद्धा. तेव्हा जाऊबाई, "आपल्याकडे कुठं असली सोय" हे वाक्य तरी आता सोडा.

पुढचा इको दिवाळीनंतर आहे. 'माइल्ड'चं 'मॉडरेट' झालं तर काय करणार, हे ह्यांनी मला विचारलं, मी त्यांना विचारलं. दोघांचीही उत्तरं दर आठवड्याला बदलतात.

तुम्हाला काळजी वाटते ना? मग प्रश्नापेक्षा उपयोगाचं एक काम सांगते. एरिक्सन जगला तो मैदानावर लगेच छाती दाबणारे लोक आणि हृदयाला बाहेरून झटका देणारं यंत्र होतं म्हणून. आमच्याकडे एका स्पर्धेच्या संयोजकांना मी विचारलं, यंत्र आहे का? "ॲम्ब्युलन्स असते की बाहेर," म्हणाले. ॲम्ब्युलन्स होती, पार्किंगमधल्या मोटारसायकलींच्या मागे. म्हणून पेठेतल्या मंडळाकडे अर्ज दिलाय, यंदाच्या वर्गणीतून ते यंत्र घ्या आणि चार पोरांना वापरायला शिकवा. दादा म्हणतो, "डॉल्बीचं पैसं कमी करा म्हटलंस तर कोण ऐकणार हाय?" तरी अर्ज दिलाय. खाली सह्यांना भरपूर जागा आहे.