रानगडी

शनिवार, रात्री साडेअकरा

आजचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ मीच मध्ये थांबवला. फासे टाकत गोष्ट खेळायची असा हा खेळ, आणि मी त्यातला डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. तीन दिवसांच्या वाटचालीचं सागाचं रान तयार करून ठेवलं होतं. कोरडा नाला, जळालेलं गवत, एकच पाणवठा. रेंजर, म्हणजे रानात वाट काढणारं पात्र, घेतलेला मित्र म्हणाला, "हे माझं आवडतं रान आहे, मी इथं चुकत नाही." ते खरंच होतं. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकाप्रमाणे आवडत्या भूभागात रेंजरची टोळी जादूशिवाय वाट चुकत नाही, आणि अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं. पाच मिनिटांत तीन दिवस सरले. रानात सगळ्यात तरबेज असलेल्या गड्यानं रानच पुसून टाकलं!

म्हणून रेंजरऐवजी स्वतःचा नवा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, बनवायला जुने नियम काढून बसलो. १९७८ च्या हँडबुकात उघड्यावर माग काढण्याची शक्यता ९० टक्के होती, पण मागाला वय होतं. दर दिवसाला १० टक्के कमी, पावसाच्या दर तासाला २५ टक्के कमी. किती सुंदर नियम आहे हा! पाऊस आला की खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येणार.

मला हवा तो योद्धा मी मागच्या मे महिन्यात पेंचच्या जंगलात वाघ शोधताना पाहिला. चितळ ओरडलं तेव्हा गाइडदादांनी जिप्सी थांबवली, पण हलले नाहीत. म्हणाले, "चितळ कशालाही भिते. सांबर बोलू द्या." मग झाडावरच्या वानराचं तोंड कुठं वळलंय ते बघत राहिले. बऱ्याच वेळानं सांबर बोललं, आणि मगच त्यांनी गाडी वळवायला सांगितली.

हेच आता या नव्या वर्गात उतरवतोय. फासा जिंकला तरी डीएम उत्तर देणार नाही, खुणा देईल. एक कच्ची, एक पक्की. फासा हरला तरी खूण मिळेल, पण शिळी. प्रत्येक खूण वाचायला दहा मिनिटं जातील आणि सूर्य खाली येईल. थांबायचं की निघायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. ज्या प्राण्याच्या खुणा आधी बरोबर वाचल्या, त्याच्याशी लढताना पहिल्या फेरीत फायदा. लढाईतली ताकद बघण्यातून आली पाहिजे. बार्बेरियन या खेळातल्या रागीट लढवय्यासारखा संताप याला देणार नाही. रानात राहणारा म्हणजे डोकं फिरलेला, अडाणी, हे चित्र मला सहन होत नाही. आमच्या टेबलावरचा एक गडी देवलापारकडचा गोंड आहे. त्याच्या आजीला मोहाचं फूल कोणत्या पहाटे जास्त पडेल ते कळतं, आणि ती विद्याच आहे.

वर्गाचं नाव 'मागकरी', म्हणजे माग काढणारा, असं ठेवलं होतं. कोष्टी घरातला मित्र लगेच म्हणाला, "अबे, मागकरी म्हणजे तं विणकर. माझे आजोबा होते ना!" बरोबर आहे त्याचं. नागपूरच्या गोळीबार चौकाकडं, विणकरांच्या वस्तीत, राहणाऱ्याला माग म्हटलं की हातमागच आठवणार. मग 'रानगडी' ठरलं.

पावसाचं अजून जमत नाहीये. तासाला २५ टक्के उतरवले तर चार तासांच्या पावसात खूण संपते. पण ओल्या चिखलात नवा ठसा किती स्वच्छ उमटतो! म्हणजे पावसानं जुनं पुसावं आणि नवं ठळक करावं. पुढच्या शनिवारी नाल्यात पाणी सोडून बघतो.