स्विचवरची चिकटपट्टी

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. पहाटे पाचला पाणी प्यायला खाली उतरले, तर स्वयंपाकघरात आई अंधारात खुर्चीवर बसलेली. अंगावर शाल, हातात माळ. मी दचकलेच. म्हटलं, "अगं, लाइट तरी लावायचा!" तर म्हणाली, "तुनं घर मनं ऐकस नही, बाई."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडच्या आमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठून पहिला दिवा लावणारी बाई ती. माझ्या घरात ती कोणीतरी उठेल याची वाट बघत बसली होती, आणि तो पहिला दिवसही नव्हता. ती आली जूनमध्ये. इकडे कॅनडात, ऑटवाला, तेव्हा पाच वाजताच फटफटतं, दिव्याची गरजच नसते. सप्टेंबरात दिवस आखडला तशी तिची पहाट अंधारात गेली, आणि आठ-दहा दिवस आम्हाला पत्ताच नाही.

तिने लाइट का लावला नाही, ते सांगते. आम्ही घरभर स्मार्ट बल्ब बसवले होते. हे बल्ब हुकूम ऐकणाऱ्या स्पीकरला सांगून किंवा फोनवरून चालू-बंद होतात, पण त्यासाठी भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कोणी ते बंद केलं की बल्बची वीजच तुटते, मग कितीही हाका मारा. आईला निजायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची पन्नास वर्षांची सवय. रोज रात्री ती बंद करायची, रोज सकाळी आमची चिडचिड. शेवटी नवऱ्याने बटणांवर चिकटपट्टी लावली. त्याला मी अडवलं नाही. उलट कात्री मीच आणून दिली.

आता कोणी म्हणेल, एवढी थेरं करायचीच कशाला? गावी गेले की हे हमखास ऐकायला मिळतं, की तिकडे तुम्हाला उठून बटण दाबायचाही कंटाळा. मला हे मान्य नाही. इथे धुणं-भांड्याला बाई नाही, दोघांच्या नोकऱ्या, पोराची शाळा, आणि पाच महिने बर्फ. डिशवॉशर रात्री अकरानंतर आपोआप चालू होतो, कारण ऑन्टारिओत २०२३पासून रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत अगदी स्वस्त विजेचा दर घेता येतो. थर्मोस्टॅट रात्री घर थोडं गार होऊ देतो आणि आम्ही उठायच्या आत गरम करून ठेवतो. यात आळस कुठे आला? आपल्याकडे पहाटे बंबात पाणी तापवून ठेवणारं माणूस घरात असतं, इथे ते काम थर्मोस्टॅट करतो.

पण हेही खरं, की यातल्या एकाही कामाला बोलावं लागत नाही. एकदा वेळ लावून दिली की झालं. बोलावं लागतं ते दिव्यांना, आणि माझा राग आहे तो या बोलण्यावर.

आमच्या स्पीकरच्या भाषांच्या यादीत इंग्रजी आहे, फ्रेंच आहे, हिंदी आहे. मराठी नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. डॅनिश बोलणारे साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढे, आणि ॲपलच्या फोनमधल्या सिरीला डॅनिश २०१५पासून येतं. मग आम्ही काय घोडं मारलं? फोनमधल्या गुगल असिस्टंटला २०१८मध्ये मराठी शिकवली, हे मी मानते आणि त्याचं कौतुकही आहे. पण आईने हात पिठात असताना फोन शोधायचा, तो उघडायचा आणि मग दिवा लावायला सांगायचं, यापेक्षा तिने अंधारात बसणं पत्करलं तर चूक तिची नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या इथल्या मंडळाने पेढे वाटले, मीही खाल्ले. माझ्या स्वयंपाकघरात मात्र त्या भाषेत दिवा लागत नव्हता.

आणि आई तरी कुठे पुस्तकी मराठी बोलते! ती बोलते अहिराणी. त्याच जनगणनेत, अहिराणी जिच्यात धरली आहे ती खानदेशी वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, साडेअठरा लाखांवर लोक. केंद्र सरकारने २०२२मध्ये 'भाषिणी' सुरू केली, संगणकाला आपल्या भाषा ऐकायला-बोलायला शिकवायला. तिचा रोख राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांवर. अहिराणी त्या अनुसूचीतच नाही. यंत्राला भाषा शिकवायची तर माणसांचं तासन् तास बोलणं रेकॉर्ड करून ते शब्दाला शब्द लिहून द्यावं लागतं. अहिराणी आपण बोलतो, लग्नात गातो, भांडतोही तिच्यातच, पण लिहितो किती? शाळेत मी स्वतः अहिराणी बोलायला लाजायचे. जळगावला कॉलेजात गेले तेव्हा चार महिन्यांत 'शे'चं 'आहे' करून टाकलं. तेव्हा सगळा दोष परदेशातल्या कंपनीच्या पदरात टाकायला माझी जीभ रेटत नाही.

आईने प्रयत्न केला नाही असं नाही. 'टर्न ऑन किचन लाइट' तिने वहीत देवनागरीत लिहून घेतलं होतं. रोज म्हणून बघायची. यंत्र कधी हॉलचा दिवा लावी, कधी इंग्रजीत माफी मागे, आणि ती माफीही तिला कळत नसे. मग तिने नातवाला मध्ये घातलं. ती त्याला सांगणार, तो स्पीकरला सांगणार. आठ वर्षांचं पोरगं, त्याला मजा वाटायची. पण एकदा ते आजीलाही त्याच सुरात म्हणालं, "आजी, लाइट ऑफ." ना 'गं', ना 'कर ना'. मी त्याला तिथल्या तिथे रागावले. रात्री झोप आली नाही. घरात हुकूम सोडायची सवय त्याला लागली ती आमच्याकडे बघूनच.

त्या शनिवारी चिकटपट्ट्या काढल्या. बल्ब साधे बसवले आणि भिंतीतली बटणंच बदलली. ही बटणं बोटाने दाबली तरी चालतात, फोनवरूनही चालतात, आणि कोणी बंद केली तरी त्यांचं काही बिघडत नाही. घेणार असाल तर एक बघून घ्या, यातल्या बहुतेकांना बटणामागच्या भिंतीतल्या खोक्यात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर लागते. आमच्या जुन्या घरात दोन ठिकाणी ती नव्हती, तिथे साधी बटणं ठेवली. जिन्यात आणि संडासाच्या वाटेवर माणसाची चाहूल लागली की उजळणारे छोटे दिवे लावले. आईला घरातलं सगळ्यात आवडलेलं यंत्र तेच. रात्री दोनदा उठावं लागतं, गुडघे दुखतात, भिंत चाचपडावी लागत नाही. पहिल्या रात्री ती मुद्दाम तीनदा जिना चढली-उतरली.

याचा अर्थ बोलतं यंत्र कोणाच्याच कामाचं नाही, असा नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दिसत नाही, त्यांचा अर्धा संसार त्या स्पीकरवर चालतो. हात चालत नसलेल्या माणसाला तर तो फार मोठा आधार. पण धडधाकट माणसांच्या घरात, त्याची भाषा न येणारी आई असताना, बटण झाकून त्याला मध्ये बसवायचं, हे चुकलं.

त्यात हा आवाज जातो किती लांब! त्याचं नाव घेतलेलं ते जागच्या जागी ओळखतं, पण पुढचं वाक्य बहुतेक वेळा कंपनीच्या लांबच्या संगणकाकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लागतो आणि हुकूम परत येतो. दिवा डोक्यावर चार हात. २० ऑक्टोबर २०२५ला, नरक चतुर्दशीच्याच दिवशी, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात अमेझॉनच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला तर त्यांची बोलकी अलेक्सा मुकी झाली, घरांवर लावलेले रिंग कंपनीचे कॅमेरे बंद पडले. आमच्याकडे दुसरी यंत्रणा, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. पण तोवर बटणं बदलून महिना झाला होता, आणि त्या पहाटे अभ्यंगस्नानाला आईने स्वतःच्या बोटाने दिवा लावला, याचं मला बरं वाटलं.

डिसेंबरात आई परत गेली. जानेवारीत चुलतभावाच्या लग्नाला आम्ही तिघेही गावी गेलो. घर बंद, थर्मोस्टॅट सोळावर. इथे थंडीत घर असंच टाकून जाता येत नाही, नळ गोठून फुटतात. घरात कोणीतरी नेमाने चक्कर मारली पाहिजे, अशी अट विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्येही असते. किल्ली कोणाकडे ठेवायची म्हणून आम्ही कुलूप आकड्यांचं केलेलं.

लग्न होऊन दोन दिवस झाले होते. मळ्यात भरिताचा बेत होता. काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, कुटून झालेली, कळण्याच्या भाकरी झालेल्या, रात्रीचे अकरा वाजून गेलेले आणि पोरं शेकोटीभोवती. थंडी चांगलीच होती, दहाच्या खाली पारा. अशा रात्री केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, म्हणून बागेत पाणी सोडतात आणि बांधावर धूर करतात. माझा फोन वाजला. ऑटवातल्या घरात तापमान अकरा, आणि उतरतंच आहे. तिकडे दुपारचा एक वाजायला आलेला, बाहेर उणे चोवीस.

समोरच्या घरातल्या निवृत्त काकांना फोन लावला, एक दिवस चालेल असा कुलपाचा आकडा पाठवला. ते आधी आत गेले, मग बाहेरून घराला फेरी मारली. आदल्या रात्रीच्या वादळाने घर तापवणाऱ्या भट्टीच्या, भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळ्या बर्फाखाली गाडल्या होत्या. हवा आत येईना, धूर बाहेर जाईना, म्हणून भट्टीने स्वतःला बंद करून घेतलं होतं. काकांनी फावड्याने बर्फ उपसला, हाताने नळ्या मोकळ्या केल्या, भट्टी सुरू केली, आणि घर चौदावर येईपर्यंत कोट घालून आमच्या सोफ्यावर बसून राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी दहादा आभार मानले तर म्हणाले, चालणं होतंच ना यानिमित्ताने. यंत्राने मला हाक मारली म्हणून घर वाचलं, यात शंका नाही. पण बर्फ उपसला तो काकांनी.

मी फोनवर असताना शेजारी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, आपला फोन काढला. साधा, बटणांचा. एक नंबर लावला, दोनदा वाजला, आणि अर्धा किलोमीटरवर विहिरीवरची मोटर सुरू झाली. ठिबकच्या नळ्यांत पाणी आलं. हा मोबाईल स्टार्टर त्यांच्याकडे माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड, फोन केला की मोटर चालू, फेज गेला की उलट मेसेज. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' काढलं ते याच जातीचं. ज्यांना पंपाची पाळी माहीत आहे त्यांना मी काय सांगू? एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दोन वाजता बॅटरी घेऊन जायचं, ओल्या बांधावरून, सापाकिरडाचं. सातपुड्याच्या बाजूला बिबट्याही. माझ्या लहानपणी आप्पा गेले की आई ते येईस्तोवर ओट्यावर बसायची. त्या पेटीने आईचं ते जागरण संपवलं. त्यासाठी आप्पांना कधी इंग्रजीतलं वाक्य पाठ करावं लागलं नाही.

मी इतकी वर्षं त्यांना व्हिडिओ कॉलवर आमचं स्मार्ट घर दाखवत होते. त्यांनी दर वेळी कौतुक केलं. आमच्याकडे हे कधीपासून आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, ओट्यावर कॅमेरा लावू, तुला तिकडून आई-आप्पा दिसतील. मला हवा होता. सात हजार मैलांहून जास्त लांब राहणाऱ्या लेकीने यात वाईट काय केलं असतं? आप्पा बोलले नाहीत, पण आईने विचारलं, "मंग मी ओट्यावर निवांत बसू कशी?" कॅमेऱ्याचा बेत बारगळला. त्याऐवजी आप्पांनी स्वतःहून एक केलं. त्यांच्या स्टार्टरवर चार नंबर टाकता येतात, तिसरा माझा टाकला.

आता रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात मी ऑफिसात असते आणि दुपारी दीड-दोनच्या सुमारास मेसेज येतो, मोटर चालू. म्हणजे आप्पा जागे आहेत, हात-पाय चालताहेत. परवा तीन वाजले तरी आला नाही. मीटिंगमधून उठून फोन लावला. आईने उचलला. डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, लाइटच नव्हती, आप्पा गाढ झोपलेले. "उठाडू का?" तिने विचारलं. म्हटलं, नको, झोपू दे.