बोटं ऐकत नाहीत त्या दिवसांसाठी

आज इंजेक्शननंतरचा दिवस. मेथोट्रेक्सेट हे माझ्या संधिवातावरचं औषध, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि जे घेतात त्यांना माहितीये दुसरा दिवस कसा जातो, डोकं जड, मळमळ, जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या तरी बसावंसं वाटतं. या दिवसावर मी आता कुठलंच काम टाकत नाही. पण दिवस तर काढावाच लागतो ना, आणि नुसतं छताकडे बघत पडलं की दुखणं जास्तच दुखतं, म्हणून हे लिहायला बसलेय.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. संधिवात म्हटलं की लोकांना वयस्कर माणसांचे गुडघे आठवतात, पण हा वेगळा प्रकार, ह्यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते आणि तिथे सूज येते, बहुतेक वेळा आधी हातापायांच्या छोट्या सांध्यांत. झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो, ह्यात तासभर तरी जातो, वाईट दिवशी त्याहून जास्त. त्यामुळे माझी सकाळ घड्याळावर सुरू होत नाही, मूठ वळली की सुरू होते.

आणि तरी मी क्रोशा करते, म्हणजे एकाच आकड्याच्या सुईने लोकर विणते, सध्या ब्लँकेटसाठी चौकोन. ताई परवा म्हणाली, "अगं हात दुखतायत तर कशाला विणत बसतेस, आराम कर की." तिची काळजी खरी आहे, पण आरामाचे तास माझ्याकडे भरपूर आहेत गं, त्या तासांत मन कुठे ठेवायचं हा खरा प्रश्न आहे.

क्रोशाच का, तर त्यात एका वेळी एकच फास उघडा असतो. दोन सुयांवरच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते, मध्येच सोडली आणि सुई निसटली की टाके घरंगळत खाली. क्रोशात सुई काढायची, त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि ठेवून द्यायचं. दहा मिनिटांनी या नाहीतर महिन्याने या, ते जिथे होतं तिथेच असतं. मध्ये दुखणं खूप उसळलं होतं तेव्हा अर्धा चौकोन पिन लावून कितीतरी दिवस तसाच पडला होता, परत उचलला तर तीन साखळ्या आणि पुढचा खांब (टाक्यांचीच नावं ही), जणू मध्ये काही झालंच नाही. माझ्या आयुष्यात अशा गोष्टी फार थोड्या आहेत हो. नोकरी थांबत नाही, कार्यक्रम थांबत नाहीत, माणसंसुद्धा किती वेळा थांबणार. सारखं कुणाला ना कुणाला सॉरी म्हणावं लागतं, ह्या चौकोनाला म्हणावं लागत नाही. म्हणून मला वाटतं आजारी माणसाने छंद निवडताना तो किती आवडतो ह्याच्या बरोबरीने तो किती सहज सोडता येतो हेही बघावं.

हाताचं म्हणाल तर सुई जितकी बारीक तितकी चिमूट घट्ट धरावी लागते आणि अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, त्यामुळे मी जाड मुठीची सुई घेतली, ज्यांना नवीन घ्यायची नसेल त्यांनी आहे त्या सुईला फोमची नळी चढवली तरी फरक पडतो. सुती दोरा ताणत नाही, तो बोटांना जड जातो, लोकर जरा लवचिक असते, ती बरी. रंग फिकाच घ्यावा, काळ्यात टाके दिसत नाहीत आणि थकलेल्या डोळ्यांना तो आणखी एक त्रास. आणि टायमर! पंधरा मिनिटं झाली की थांबायचं, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. हे सगळ्यात अवघड आहे कारण चांगल्या दिवशी वाटतं आज होऊनच जाऊ दे, आणि मग ती हौस पुढचे दोन दिवस वसूल करून घेते.

अशा वेळी लोक फ्रेंच चित्रकार रेन्वारचं उदाहरण देतात, हाच आजार, बोटं वाकडी झालेली, तरी 1919 मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत होता. ब्रश हाताला बांधून घ्यायचा असं सांगतात, खरं तर त्या पट्ट्या तळहाताची नाजूक झालेली कातडी सोलू नये म्हणून असायच्या आणि ब्रश कुणीतरी हातात ठेवून द्यायचं. मला ही दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते, त्यात जिद्दीसोबत कुणाचीतरी मदतही आहे. आणि मातिस, तोही फ्रेंच चित्रकार, 1941 च्या मोठ्या ऑपरेशननंतर बराच काळ अंथरुणात नाहीतर व्हीलचेअरवर, तर त्याने कात्रीच उचलली, सहाय्यक कागद रंगवून द्यायचे आणि हा त्यातून आकार कापायचा. शरीराला जमेना तर त्याने पद्धत बदलली, ह्याचं मला फार अप्रूप आहे.

कात्री माझ्या बोटांना चालत नाही. जेव्हा सुईही चालत नाही तेव्हा मी खिडकी उघडून पक्ष्यांचे आवाज ऐकते, कोण कुठल्या वेळी बोलतं ते फोनवर आवाज रेकॉर्ड करून नोंदवते. त्याला हातच लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही स्पष्ट सांगते. किती छान करतेस, विकायला ठेव ना, पेज काढ ना, असं प्रेमानेच म्हणतात सगळे. नको. माझं बाकी सगळं मोजलं जातं, ईएसआर आणि सीआरपी ह्या सुजेच्या रक्ततपासण्या, लिव्हरच्या टेस्ट, गोळीचे मिलिग्रॅम, दुखणं दहापैकी किती. ह्या लोकरीवर मला कुठलाच आकडा नकोय. ऑर्डर आली की तारीख आली आणि तारीख आली की पिन लावून ठेवून देण्याची मुभा गेली.

ब्लँकेट कधी पूर्ण होणार म्हणून ताईने विचारलंय. चौकोन सुटे सुटे आहेत, प्रत्येक आपापला पूर्ण, जोडायचं नंतर बघू. उद्या मूठ वळली तर निळ्याला पिवळी किनार लावून बघणार आहे, नाहीतर परवा.